जागा क्रमांक नऊ

आयली म्हणते, वाचून दाखव.
मी नकाशा दिव्याखाली ओढतो:
सरकारी जंगल, लिटल ऑटर तळं,
सतरा जागा, दोन संडास, एक हातपंप.
आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा.
पैसे पाकिटात घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचे.
"आणि नाही टाकले तर?"
तर काही नाही. रेंजर आठवड्यातून एकदा येतो,
मासे लागताहेत का विचारतो आणि जातो.
"टाकू आपण," ती म्हणते. "सुटे काढून ठेव."

सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठरलाय.
तोवर डास संपतात, शाळा उघडतात,
आणि मेपल नुकते पेटायला लागलेले असतात...
बोललो, आणि जीभ चावली.
तिला आता मधोमध नाण्याएवढं दिसतं. कडा गेल्या.
डॉक्टर म्हणाले, नाणंही झिजेल.
"पेटू देत की. एकेक पान नाकाशी धरून बघीन,
मला कुठे बस पकडायचीय?
एल्मर, तू फक्त जागा नीट निवड."

मग मी जागा तिच्या कानांनी निवडायला लागलो.
चार नंबर ऐन पाण्याकाठी,
पण होड्या तिथेच उतरवतात, पहाटेपासून साखळ्यांचा खणखणाट.
बारा नंबरची सावली छान,
पण संडासाचं दार स्प्रिंगचं.
शेजारची कंगासबाई गेल्या साली तिथे राहिली
आणि कुणाचं पोट किती वेळा बिघडलं
ते तिला अजून तोंडपाठ आहे.
नऊ नंबर उतारावर, हेमलॉकच्या दाटीत,
पंपापासून अठ्ठावीस पावलं.
पंपाचा दांडा कुरकुरतो, बरं का. लांबून ऐकू येतो.
"घे," आयली म्हणाली. "हीच घे."

लाकूड घरचं न्यायचं नाही, असा नियम आहे.
सालीत किडे दडून इकडची मर तिकडे नेतात.
म्हणजे डेलच्या अंगणात तीन हिवाळे वाळलेला बर्च
तसाच राहणार, आणि आम्ही पेट्रोलपंपावर
प्लॅस्टिकमध्ये बांधलेली मोळी विकत घेणार.
मला हे पटतं. आणि रागही येतो.
खाणं सगळं गाडीत ठेवायचं, टूथपेस्टसुद्धा;
अस्वलाला पुदिना चालतो म्हणे.

काल रात्री आम्ही घरातच तालीम केली.
फ्रिज म्हणजे पंप, तोही कण्हतोच.
सोफा म्हणजे तंबू. खुर्च्या म्हणजे हेमलॉक.
अठ्ठावीस पावलं घरात मावेनात,
म्हणून दोरी जेवणाच्या टेबलाभोवती दोनदा फिरवली.
आयली दोरीवर दोन बोटं टेकवून गेली,
फ्रिजला हात लावून आली, हातातलं भांडं न सांडता.
मग म्हणाली, "आता तू. दिवे घालव."

मी माझ्याच स्वयंपाकघरात
दुसऱ्या हेमलॉकला अडखळून पालथा पडलो.
ती हसली. बाबांच्या सौनातला कंदील विझला
की लहानपणी अंधारात हसायची ना,
अगदी तशी, वाफ छातीत गेल्यासारखी.
गुडघा चोळत मी तसाच खाली बसून राहिलो.
उठायची घाई मलाही नव्हती.

"आणि नऊ नंबर कुणी आधीच घेतला असला तर?"
याचा मी विचारच केला नव्हता.
"तर दोरी सोडू," ती म्हणाली, "नि दुसरीकडे बांधू,"
आणि कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
दोरी गुंडाळत राहिली.

सकाळी यादीवर तिचं अक्षर सापडलं,
जाड मार्करने, कागदाबाहेर टेबलावर उतरलेलं.
बॅटरी, सुटे पैसे, लोकरी मोजे हे सगळं माझं तसंच होतं;
फक्त एका शब्दावर काट मारून लिहिलेलं:
तेल नको.

चौतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या मी.
कुरकुरणारं काही दिसलं की हात शिवशिवतात.
हे तिला माहीत.
मी खोक्यातून तेलाचा डबा काढला,
आवाज न करता, असं मला वाटलं.
आतल्या खोलीतून आयली म्हणाली,
"थँक यू."